एक टनाचा चेन पुली ब्लॉक: गॅरेजवाल्याच्या नजरेतून

डिचोलीत आमचं टिपर दुरुस्तीचं गॅरेज आहे. सहा सिलिंडरचं इंजिन उतरवायचं म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोचं काम. त्यासाठी चवथीआधी म्हापशाहून एक टनाचा, तीन मीटर लिफ्टचा चेन पुली ब्लॉक, म्हणजे हाताने साखळी ओढून माल उचलायचं यंत्र, आणला. साडेपाच हजार पडले.

आधी दोरीच्या कप्प्या होत्या, दोन चाकं वर, दोन खाली. वर नुसती एक कप्पी टांगली की वजन हलकं होतं असं पुष्कळांना वाटतं. एका चाकाने फक्त ओढायची दिशा बदलते. पाचशे किलोला पाचशेचाच जोर लागतो, वर गर्डरवर हजाराचा भार येतो तो वेगळाच. खालचं चाक मालाबरोबर वर सरकायला लागलं की खरा फरक पडतो. चार पदरांत वजन वाटलं जातं आणि हिशेबाने सव्वाशे किलोचा जोर पुरतो. घर्षणाचा वाटा धरला तर त्याहून बराच जास्त. शिवाय इंजिन फूटभर चढवायला चार फूट दोरी ओढा. दोघे हेल्पर ते करायचे, तक्रार नव्हती. पंचाईत व्हायची ती धरून ठेवण्याची. माउंटिंगचा बोल्ट भोकासमोर आणताना इंजिन जरा वर, केसभर खाली करावं लागतं, आणि तोवर दोघे दोरीला लटकलेले!

ब्लॉकचे पैसे वसूल होतात ते इथे. आत गिअर आहेत, त्यामुळे तेच इंजिन कळशीभर पाणी शेंदण्याइतक्या जोरात एकटा पोरगा उचलतो. बदल्यात फूटभरासाठी चाळीसेक फूट साखळी हातातून जाते. सावकाश काम आहे, घाईवाल्याने घेऊ नये. पण साखळी सोडली की माल जिथल्या तिथे. चढवताना आतून टक-टक आवाज येतो, तो दातेरी चाकावरून सरकणाऱ्या खटक्याचा. उतरवताना आवाज बंद होतो, कारण तेव्हा खटका दात अडवून धरतो आणि ओढाल तेवढाच ब्रेक सुटतो. चढवताना टक-टक ऐकू आली नाही तर माल खाली ठेवून ब्लॉक उघडून घ्या.

उणिवा आहेत. खालच्या हुकाच्या जिभेची स्प्रिंग लेचीपेची निघाली, महिन्याभरात ढिली पडली. बदलून घ्यायला गेलो तर दुकानदाराने हात वर केले. आपल्याकडच्या पावसात साखळीवर तांब चढतो, म्हणून लोड चेनला, म्हणजे माल उचलणाऱ्या साखळीला, तेलाचा फडका फिरवत राहावं लागतं. फक्त तेल ब्रेकच्या चकत्यांपर्यंत जाऊ देऊ नका, त्या कोरड्याच हव्यात. आमच्या पोराने उत्साहात कव्हर उघडून ग्रीस भरायला घेतलं होतं, वेळेवर बघितलं म्हणून बरं.

घेताना आयएस ३८३२ हा मानक क्रमांक आणि क्षमता ब्लॉकवर कोरलेली आहे का ते बघा. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. छप्पर उंच असेल तर तीन मीटरची साखळी अपुरी पडते, जास्त लांबीची आधीच मागून घ्या.