सॉकेट दिसलं होतं मला, तरी २१,८१९ रुपये घालवले

आधी आकडाच सांगते, कारण घरात सगळ्यांनी आधी तोच विचारला. २१,८१९ रुपये. पाच वेळा मिळून, आणि पाचही वेळा मी माझ्याच हातानं पिन टाकला. कशासाठी, तर बूदुआर फोटोशूटसाठी, आणि ते शूट झालंच नाही, फसवलं मला. हसायचं तर हसून घ्या, पोलीस स्टेशनातला हवालदार पण हसला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बूदुआर म्हणजे फ्रेंचमधी बाईची स्वतःची खोली. मूळ शब्द रुसण्यावरून आलाय म्हणे, म्हणजे आपलं कैकयीचं कोपभवनच की. त्या खोलीत बाई जशी एकटी असते, गाऊनवर, केस मोकळे, साडी नुसती अंगावर टाकलेली, तसे फोटो. परदेशात बायका लग्नाआधी, चाळिशीला, नाहीतर आजारातून उठल्यावर काढून घेतात, स्वतःसाठी. मला पण स्वतःसाठीच पाहिजे होते. दोन वर्षांखाली माझी गर्भपिशवी काढली. आमच्या भागात पिशवी काढणं म्हणजे दात काढल्यासारखं झालंय, बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ ला सगळ्यांनीच वाचल्यात, माझं तसं नव्हतं, गाठी होत्या, डॉक्टर चांगले होते. पण त्यानंतर आरशात बघायचंच बंद झालं होतं. ते परत सुरू करायचं होतं, बास. यात काय चुकलं ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

इन्स्टावर जाहिरात आली, 'प्रत्येक स्त्री वेगळी, तिचं शूट वेगळं', फक्त लेडीज टीम, मराठवाड्यात पहिल्यांदाच. मेसेज केला तर लगेच भाव नाही सांगितला, २४ प्रश्नांचा फॉर्म पाठवला. आणि मी तिथंच फसले. घरातला कोणता कोपरा फक्त तुमचाय? कोणत्या कामात तुमचे हात सुंदर दिसतात? रात्री सगळे झोपल्यावर दोन तास बसून लिहिलं मी. लिहिलं की माझा कोपरा म्हणजे दुकानात गल्ल्यामागचं स्टूल. लातूरला गोलाईजवळ आमचं इलेक्ट्रिकलचं छोटं दुकानंय, मीच बसते. दुसऱ्या दिवशी 'मॅडम'चा व्हॉइस मेसेज, "ताई, मग आपण तुम्हाला स्टूलवरच घेऊ, मागं वायरची बंडलं, आणि उजेड अजिंठ्याच्या चित्रांसारखा, अंधारातून वर येणारा." आता सांगा, कोणती बाई नाही म्हणंल? लग्नाला वीस वर्षं झाली, मला कोणी विचारलं नव्हतं माझे हात कुठं चांगले दिसतात. माझीच उत्तरं घेऊन मलाच गुंडाळलं.

बुकिंगचे २,१००. मग 'पर्सनल कन्सेप्ट'चे ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. मग कपड्यांचं भाडं ३,४९९, ते ९९ चं शेपूट बघूनच मला वाटलं की खरी कंपनीय, बघा डोकं कसं चालतं. मग संभाजीनगरच्या हॉटेलची रूम धरून ठेवायला ६,५००, 'रिफंडेबल'. पैसे टाकताना दरवेळी स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव यायचं. विचारलं तर म्हणे आमचे अकाऊंटंट. अकाऊंटंटच्या खात्यावर कोण धंदा करतं हो? आमच्या दुकानात गिऱ्हाईकानं असं विचारलं असतं तर मीच त्याला शहाणा म्हटलं असतं.

पण सगळ्यात जास्त आग होते ती सॉकेटची. त्यांच्या पेजवर एक फोटो होता, 'आमच्या नांदेडच्या क्लायंट'. खिडकीपाशी लाल गाऊनमधी बाई पाठमोरी, वेणी सोडलेली, चेहरा नाही. मी तो किती वेळा झूम करून बघितला असंल, तिची पाठ माझ्यासारखीच जाड होती म्हणून. आणि खिडकीखाली, भिंतीवर, कोपऱ्यात सॉकेट. दोन उभ्या चपट्या खाचा, खाली एक छोटं गोल भोक, शेजारी स्विच नाही. अमेरिकन सॉकेट! नांदेडला! मी दिवसाला वीस-पंचवीस सॉकेट विकते, आपली तीन गोल भोकं झोपेत हाताला लागतात मला, आपल्याकडं सॉकेटशेजारी स्विच असतोच. आणि मला ते दिसलं होतं. खोटं नाही सांगत. दिसलं, आणि मनात आलं की इंपोर्टेड फिटिंग असंल, मोठ्या लोकांचं घर दिसायलंय. हे मी स्वतःला सांगितलं. जिला होलसेलवाला लोकल होल्डर ब्रँडेड म्हणून खपवू शकत नाही तिनं. कारण मला त्या खोलीत जायचं होतं, एवढंच.

बिल पण बघितलं नाही. जीएसटी नंबर १५ आकडी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, पुढं पॅन असतो. त्यांच्या बिलावर १४ च होते. दुकानाचं रिटर्न मी भरते! जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की नाव येतं, फुकट, अर्ध्या मिनिटात. तेवढं करा.

शूटच्या आधी म्हणे पोझ ठरवायला तीन साधे फोटो पाठवा. पाठवले, गाऊनवरचे, बिनबाहीचा. इथं थांबा बायांनो. जी खरी फोटोग्राफर असती ती फोटो स्वतः काढती, तुमच्याकडून मागून घेत नाही. समोर येऊन बोलती, सोबत बहीण-मैत्रीण आणू देती, आणि फोटो कुठं टाकणार-नाही टाकणार याचा कागद वेगळा करून सही घेती. मला कागद दिलाच नव्हता, मी मागितलाच नव्हता.

सासूबाईंना होलसेलला जाते म्हणून सांगितलं आणि पहाटेच्या एसटीनं निघाले, अंबाजोगाई, मांजरसुंबा, बीड, गेवराई, सहा-सात तास. पिशवीत आईचं जुनं लुगडं, कारण फॉर्ममधी लिहिलं होतं की त्याचा वास आवडतो. हॉटेलच्या काऊंटरवरचा पोरगा म्हणाला, या नावानं काहीच बुकिंग नाही मॅडम, या महिन्यात तुम्ही तिसऱ्या. तिसऱ्या! मग फलक लावा ना काऊंटरवर, पण नाही, त्यांची बदनामी होती म्हणे. फोन बंद. रात्री परत.

चौथ्या दिवशी 'प्रिव्ह्यू' आला. माझा चेहरा, अंग भलतीचंच, आणि अंगावर काहीच नाही. खाली लिहिलेलं, डिलीट चार्ज ५,०००, नाहीतर दुकानाच्या व्हॉट्सअॅपवरच्या सगळ्या गिऱ्हाईकांना. हात थरथरायला लागले आणि मी भरले. भरू नका. एकदा भरलं की त्यांना कळतं ही भरणारी आहे. दुसऱ्या दिवशी १८,००० मागितले. तेव्हा मात्र मी जे तोंड सोडलं, सगळं काढलं, हॉटेल, अकाऊंटंट, सॉकेट, आणि ब्लॉक केलं. ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, माझे निम्मे राहिले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला तो पहिल्या पेमेंटपासून २६ व्या दिवशी. लवकर लावला तर पैसे मधीच अडवता येतात, माझे तोवर कुठल्या कुठं गेले होते. लाईनवर चाळीस मिनिटं वाजत होतं. बँकेचा साहेब म्हणाला, पिन तुम्ही टाकलाय, हे फ्रॉडमधी बसत नाही, आणि लगेच विमा पॉलिसीचं विचारलं. विमा!

पोलीस स्टेशनला गेले तर हवालदार सगळ्यांसमोर, "असले फोटो काढायला गेल्ताच कशाला ताई?" मग म्हणे फोटो दाखवा. मी म्हटलं लेडीज कॉन्स्टेबलला दाखवते. त्या बंदोबस्ताला, सोमवारी या. सोमवारी गेले तर साहेब मीटिंगला. गुरुवारी म्हणाले हॉटेल संभाजीनगरचं, तिकडं जा. तिकडं फोन केला तर म्हणे पैसे लातूरहून गेले, तक्रार तिकडंच द्या. मी काय बीडला मधी बसून तक्रार देऊ का? झिरो एफआयआर नावाची गोष्टंय, गुन्हा कुठं पण घडो, कोणत्याही ठाण्याला घ्यावाच लागतो. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणे, ताई लै शिकलेल्या दिसायलेत. शेवटी भाचीनं, ती वकिली शिकायली, कागदावर लिहून दिलं, भारतीय न्याय संहिता कलम ७७, फोटो काढायला बाईनं हो म्हटलं असलं तरी ते दुसऱ्याला दाखवायला हो म्हटलं असं होत नाही, आणि धमकी देऊन पैसे मागणं म्हणजे कलम ३०८, खंडणी. तो कागद बघितल्यावर खुर्ची दिली. पाचव्या खेपेला.

सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर बायकांच्या गुन्ह्यात नाव न देता पण तक्रार टाकता येते, पण मग पुढं काय झालं ते कळत नाही, म्हणून मी नावानिशी टाकली. स्टॉपएनसीआयआय म्हणून साईटंय, फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा नुसता डिजिटल ठसा जातो आणि फेसबुक-इन्स्टावर तो फोटो अडवायला वापरतात. भाचीनं तेच करून दिलं. कोणत्याही ठाण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला मला.

घरी सांगितलं. हे दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले दुकानाचं व्हॉट्सअॅप मी बघतो आता. सासूबाईंनी एवढंच विचारलं, लुगडं तरी आणलंस का परत.

परवा तेच पेज नव्या नावानं दिसलं. तोच लाल गाऊन, तीच वेणी, आता 'आमच्या परभणीच्या ताई'. रिपोर्ट केलं. फोटो फक्त खालून थोडा कापलाय. खिडकीखालची भिंत आता दिसतच नाही, कारण सॉकेटचं रागाच्या भरात मीच त्यांना सांगून बसले.