टेफ्लॉन हीटर म्हणून काळा लेप गळ्यात मारला

भोसरीत माझं निकेल प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. 500 लिटरची टाकी 55 अंशांवर चालते. निकेलच्या बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, क्लोराइड असतं, ते उघड्या स्टेनलेस स्टीलला खातं. म्हणून टाकीत बुडवायचे, टेफ्लॉनचं आवरण असलेले 3 किलोवॉटचे दोन हीटर घेतले. दर बराच कमी होता, मोबाइलवर टेस्ट सर्टिफिकेटही आलं, आणि मी विश्वास ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा ट्रिप व्हायला लागला. त्याआधीच जॉबवर, म्हणजे प्लेटिंग केलेल्या वस्तूंवर, बारीक खड्डे पडत होते. मी ब्राइटनरला (चकाकीसाठी बाथमध्ये घालतात ते रसायन) दोष देत राहिलो, ही माझी चूक. हीटर बाहेर काढला तर काळा पापुद्रा ठिकठिकाणी सुटलेला आणि आतली नळी कुरतडलेली. त्या नळीचं लोखंड बाथमध्ये उतरलं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, पीएच वाढवून, सगळं लिक्विड गाळेपर्यंत दोन दिवस काम बंद. ईएलसीबी नसता तर टाकीत हात घालणाऱ्या माझ्या मदतनिसाचं काय झालं असतं, या विचाराने अजून झोप उडते.

खऱ्या हीटरमध्ये नायक्रोमची तार, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, मग धातूची नळी आणि तिच्यावर टेफ्लॉनची जाड, दुधी रंगाची सलग नळी असते. मला मिळाला तो नॉन-स्टिक तव्यासारखा फवारलेला पातळ थर. त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि आम्ल तिथूनच शिरतं.

लांबीवरूनही मला कळायला हवं होतं. टेफ्लॉनमधून उष्णता फार सावकाश बाहेर पडते, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 वॉटच देतात. त्या हिशेबाने 16 मिलिमीटर जाडीचा 3 किलोवॉटचा हीटर जवळपास 6 मीटर लांब, वेटोळं घातलेला हवा. माझा जेमतेम दीड मीटरचा होता!

विक्रेता म्हणाला, ‘तुमच्याच माणसाने घासला असेल.’ बिलावर नुसतं ‘इमर्शन हीटर’ लिहिलेलं, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. पैसे गेले. बिलावर ‘पीटीएफई नळी’ (पीटीएफई म्हणजेच टेफ्लॉन) आणि तिची जाडी लिहून घ्या.

आता नवा हीटर आला की वीज न जोडता तो मिठाच्या पाण्यात बुडवतो, वरचा जोड कोरडा ठेवून. मेगरची (इन्सुलेशन तपासायच्या मीटरची) एक वायर हीटरच्या अर्थिंगला, म्हणजे आतल्या धातूच्या नळीला, दुसरी पाण्यात सोडलेल्या स्टीलच्या पट्टीला. थर सलग असेल तर रीडिंग मेगओहममध्ये येतं. छिद्र असेल तर काटा थेट शून्याकडे जातो, आणि तो हीटर मी त्याच टेम्पोतून परत पाठवतो.