एकांकिकेच्या लाईटसाठी क्यूएलसी प्लस: फुकट आहे, पण ‘होल्ड’चा रकाना सांभाळा

पंधरा-वीस क्यू (प्रकाशातले बदल), आठ-दहा डिमर (दिव्याची तीव्रता कमी-जास्त करणारे) आणि सहा एलईडी पार (रंगीत दिवे) एवढाच संसार असेल तर भाड्याने मोठा लाईट कन्सोल आणायची गरज नाही. क्यूएलसी प्लस हे लॅपटॉपवरून दिवे चालवणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, अगदी रास्पबेरी पायवरही. डोंगल नाही, लायसन्स नाही. पैसे जातात ते फक्त यूएसबी-डीएमएक्स इंटरफेसला (लॅपटॉपचे आदेश दिव्यांना कळणाऱ्या डीएमएक्स सिग्नलमध्ये देणारी डबी), आणि तिथली कंजुषी नडते. ‘ओपन डीएमएक्स’ जातीच्या स्वस्त इंटरफेसमध्ये सिग्नलचं टायमिंग लॅपटॉपलाच सांभाळावं लागतं. लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला की दिवे थरथरतात. ‘प्रो’ जातीत स्वतःचा प्रोसेसर असतो. तालमीला स्वस्तातलं चालेल, प्रयोगाला प्रोच घ्या.

क्यू बांधायची पद्धत सरळ आहे. आधी फिक्स्चर (दिवे) आणि त्यांचे डीएमएक्स पत्ते भरायचे, मग प्रत्येक क्यूचा एक ‘सीन’ (कुठला दिवा किती, याची नोंद) करायचा, ते सीन ओळीने एका ‘चेसर’मध्ये टाकायचे आणि तो चेसर स्क्रीनवरच्या व्हर्च्युअल कन्सोलमधल्या ‘क्यू लिस्ट’ला जोडायचा. पुढच्या क्यूसाठी स्पेसबार नेमून द्या. चौथ्या आवृत्तीत ऑपरेट मोडमध्ये (बांधणी थांबवून दिवे चालवायच्या मोडमध्ये) गेल्याशिवाय क्यू लिस्ट हलत नाही. नवखा माणूस दहा मिनिटं इथेच घालवतो.

खरी गंमत चेसरमध्ये आहे. फेड इन (दिवे चढायचा वेळ), फेड आउट (विझायचा वेळ) आणि ड्युरेशन तिन्ही ‘पर स्टेप’ करून घ्या, म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळे आकडे देता येतात. ड्युरेशन म्हणजे फेड इन अधिक होल्ड (चढल्यावर थांबायचा वेळ). फेड इन ४ सेकंद आणि होल्ड ६ असेल तर पुढचा क्यू दहाव्या सेकंदाला आपोआप सुटतो. होल्डला ∞ दिलं तर क्यू तुमच्या बोटाची वाट बघतो. नियम एकच: नटाच्या वाक्यावर किंवा हालचालीवर बेतलेल्या क्यूला ∞, रेकॉर्डेड संगीतावर बेतलेल्याला आकडा. नट तालमीत सहा सेकंदांत खुर्चीपर्यंत पोचतो आणि प्रयोगात टाळी पडली की अकरा घेतो. ऑटो क्यूला टाळी ऐकू येत नाही.

दोन चुका हमखास होतात. चेसरचा रन ऑर्डर मुळात ‘लूप’ असतो, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या क्यूला चुकून होल्डचा आकडा राहिला, तर पडद्याच्या आत नमस्कार चालू असताना पहिल्या प्रवेशाची पहाट उगवते. ‘सिंगल शॉट’ (एकदाच) करा, आणि शेवटच्या ओळीला ∞ द्याच, नाहीतर चेसर संपला की दिवेही जातात. दुसरी चूक फेड आउट शून्य ठेवण्याची: मागच्या क्यूतले दिवे कट होऊन विझतात, नवे अजून वर चढत असतात, आणि मध्ये रंगमंचावर खड्डा पडतो. फेड आउट निदान पुढच्या क्यूच्या फेड इनएवढा हवा.

वीज चमकवायची असेल तर नुसता चेसर पुरत नाही. अनेक गोष्टी एकदम सुरू करणारं ‘कलेक्शन’ घ्या. त्यात एक रात्रीचा निळा सीन आणि एक चार ओळींचा चेसर: ०.०८ सेकंद पूर्ण, ०.१२ काळोख, ०.०५ पूर्ण, मग अर्ध्या सेकंदात उतरता. इंटेन्सिटी (तीव्रतेच्या) चॅनेलमध्ये मोठा आकडा जिंकतो, म्हणून वीज रात्रीच्या वर चमकते आणि संपल्यावर रात्र जागेवर राहते. त्याच कलेक्शनमध्ये गडगडाटाची ऑडिओ फाइलही टाकता येते. हे एलईडीवरच करा. हजार वॅटच्या हॅलोजनची फिलामेंट ०.०८ सेकंदात तापतच नाही. तिला आधीपासून मंद तापवून ठेवलं, तरी वीज मऊच दिसते.

पहाटेचं नेमकं उलट. ९० सेकंदांत एलईडी शून्यापासून ३० टक्क्यांवर न्यायची तर ८ बिटात (० ते २५५) हाताशी फक्त ७६ पायऱ्या येतात, म्हणजे साधारण १.२ सेकंदाला एक. तळाशी प्रत्येक पायरी पहिल्या रांगेला दिसते. पहाट हॅलोजनला द्या; एलईडी मागून, ती वर आल्यावर मिसळा.

‘सिंपल डेस्क’ (प्रत्येक चॅनेल हाताने हलवायची जागा) फोकस करताना सोयीचा, पण तिथे हात लावलेला चॅनेल रिसेट होईपर्यंत क्यूचं ऐकत नाही. पाचव्या क्यूला एखादा दिवा विझत नसेल तर डिमरवाल्यावर ओरडण्याआधी तिथे बघा.

मोठी उणीव म्हणजे ट्रॅकिंग नाही. ईटीसीच्या इऑससारख्या कन्सोलमध्ये एका क्यूत केलेला बदल पुढच्या क्यूंमध्ये वाहत जातो. इथे सायक्लोरामाचा (मागच्या मोठ्या पडद्याचा) निळा थोडा कमी करायचा तर तो ज्या बारा सीनमध्ये आहे ते बाराही उघडायचे. याउलट नाट्यगृह बदललं की त्रास कमी: फिक्स्चरचा पत्ता बदलला की सीन तसेच राहतात. स्पर्धेत सेटिंगला मिळतात ती मोजकी मिनिटं, तेवढ्यात हे उरकतं. मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे) चारच्या वर गेले, आणि ते अंधारात आधीच वळून थांबायला हवे असतील, तर कन्सोल भाड्याने घ्या. इथे त्या प्रत्येक वळणासाठी काळोखातला वेगळा सीन हाताने घालावा लागतो.