मंत्र्यांची शपथपत्रं तपासायची साधनं: कुठे काय सापडतं आणि कुठे रस्ता संपतो

मंत्र्याने दारू पिऊन गाडी चालवली, सरकारी बंगल्याची थकबाकी ठेवली, चेक न वटल्याची केस अंगावर घेतली, शेजाऱ्याला मारहाण केली. अशा गोष्टी ‘त्यांचं वैयक्तिक’ म्हणून सोडून द्यायच्या का? आमचं उत्तर स्पष्ट आहे. जिथे सरकारी पैसा, पदाचा वापर किंवा शपथेवर लिहून दिलेला शब्द येतो, तिथे चूक कितीही लहान असली तरी विचारायचं. यांपैकी काहीच नसेल, तर माणसाच्या घरात डोकवायचं नाही. ही रेघ व्यवहारात ओढायची तर हातात कागद हवेत, आणि ते मिळवायच्या सोयी घरबसल्या, जवळजवळ फुकट उपलब्ध आहेत. त्यातल्या तिघांचं हे परीक्षण: उमेदवारांनी अर्जासोबत दिलेली शपथपत्रं ठेवणारं निवडणूक आयोगाचं पोर्टल, तीच माहिती टाइप करून मांडणारं ‘मायनेता’ संकेतस्थळ आणि महाराष्ट्र शासनाचं आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाइन.

आयोगाच्या पोर्टलपासून सुरुवात करू, कारण मूळ कागद तिथेच असतो. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. अर्ज स्वीकारलेले, फेटाळलेले, मागे घेतलेले असे गट वेगवेगळे दिसतात. मंत्र्याचं नाव उघडलं की शपथपत्राची पीडीएफ उतरवता येते. एक उमेदवार चारपर्यंत अर्ज भरू शकतो, त्यामुळे एकाच नावाखाली एकापेक्षा जास्त शपथपत्रं असू शकतात. सगळी उतरवा आणि पानं समोरासमोर ठेवून बघा. दुरुस्त करून पुन्हा दिलेल्या प्रतीत नेमका कोणता रकाना बदलला, हे बऱ्याचदा सगळ्यात बोलकं असतं. विरोधात कुणी प्रति-शपथपत्र दिलं असेल तर तेही बघा.

पोर्टलचा मोठा दोष म्हणजे या फाइली स्कॅन केलेल्या चित्रांच्या असतात. नाव किंवा कलम टाकून शोध लागत नाही, काही पानं आडवी असतात, शिक्के मजकुरावर येतात, हाताने लिहिलेले आकडे पुसट निघतात. २८८ मतदारसंघांच्या विधानसभेत कुणाला एकच कलम शोधायचं असेल तर पान न् पान डोळ्यांनी वाचण्यावाचून इलाज नाही. अर्ज भरण्याची प्रक्रिया इतकी संगणकावर आलेली असताना हे चालवून घेऊ नये.

आता नमुना २६, म्हणजे या शपथपत्राचा ठरलेला फॉर्म, कसा वाचायचा ते. पाचव्या रकान्यात प्रलंबित गुन्हे असतात: एफआयआर क्रमांक आणि पोलीस ठाणं, न्यायालय आणि खटला क्रमांक, कलमं, गुन्ह्याचं थोडक्यात वर्णन, दोषारोप निश्चित झाले का आणि कोणत्या तारखेला. सहाव्यात दोषसिद्धी येते. तिथे केवळ मोठी शिक्षा नाही, कुठल्याही फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्याची माहिती मागितली आहे. म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, न्यायालयाने दोषी धरून नुसता दंड केला असेल तरी ते इथे यायला हवं.

पाचवा रकाना वाचताना नुसती संख्या मोजू नका, कलमं वाचा. आंदोलनातून येणाऱ्या केसेसचा एक ठरलेला चेहरा असतो: जुन्या भारतीय दंड संहितेचं १८८, १४३, ३४१ आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ व १३५. रस्ता रोको, जमावबंदी मोडणं, मोर्चा. यात राजकीय कार्यकर्त्याचं आयुष्य दिसतं, वैयक्तिक गैरवर्तन नव्हे. ३२३, ५०४, ५०६ एकत्र आले की धक्काबुक्की, शिवीगाळ, धमकीचं प्रकरण समजायचं. २७९ म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, ४९८अ म्हणजे घरातला छळ, परक्राम्य संलेख अधिनियमाचं १३८ म्हणजे न वटलेला चेक. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे आकडे लागतात: १८८ चं २२३ झालं, ३२३ चं ११५(२), ५०४ चं ३५२, ५०६ चं ३५१, २७९ चं २८१, ४९८अ चं ८५. ३५३, म्हणजे आताचं १३२, जपून वाचावं. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर असा त्याचा अर्थ आहे. ते आंदोलनातही लागतं आणि तहसीलदाराच्या अंगावर धावून गेल्यावरही लागतं, म्हणून वर्णनाचा स्तंभ वाचल्याशिवाय मत बनवू नये.

यानंतर तोच एफआयआर क्रमांक, ठाणं आणि वर्ष ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून केसची आजची स्थिती बघता येते. शपथपत्र हे अर्ज भरल्या दिवसाचं चित्र असतं. पुढे केस मागे घेतली गेली, निर्दोष सुटका झाली किंवा दोषारोप ठेवले गेले, तर त्याची नोंद पोर्टलवर होत नाही. नमुना २६ मध्ये सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक, मागितलेला नाही. तो असता तर शोध एका पायरीत संपला असता.

आठव्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मंत्र्यांच्या बाबतीत तोच सर्वांत उपयोगी आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं का, वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नाही असं इथे लिहून द्यावं लागतं, सोबत थकबाकी नसल्याचे दाखले. सरकारी विमान-हेलिकॉप्टरसह वाहनांची देणी, आयकर, जीएसटी, मालमत्ता कर हेही याच भागात येतं. दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते पाहा. चारांपैकी एखादा दाखला नसेल तर तो नेमका कशाचा नाही, ते टिपून ठेवा.

लहान चुकीची किंमत किती असावी याचं सर्वांत स्पष्ट उत्तर अरुणाचल प्रदेशातल्या तेजू मतदारसंघाच्या प्रकरणात मिळतं. २०१९ मध्ये निवडून आलेले कारिखो क्री यांनी शपथपत्रात तीन वाहनं दाखवली नव्हती: पत्नीच्या नावावरची एक स्कूटी आणि एक मारुती ओम्नी, मुलाच्या नावावरची एक मोटारसायकल. ती आधीच विकली वा देऊन टाकली होती, नोंदणी मात्र बदलली नव्हती. जुन्या सरकारी निवासाच्या थकबाकीचा दाखला जोडला नाही, हाही आक्षेप होता. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी तो निकाल फिरवला: उमेदवारालाही खासगीपण असतं, प्रत्येक जंगम वस्तू सांगणं बंधनकारक नाही, लपवलेली गोष्ट मोठ्या किमतीची किंवा जीवनशैलीवर प्रकाश टाकणारी आहे का ते बघायचं. हा निकाल आम्हाला बहुतांशी पटतो. जुन्या स्कूटीवरून लोकांनी निवडलेला प्रतिनिधी घरी पाठवणं म्हणजे तपासणीचीच विश्वासार्हता घालवणं. मात्र सरकारी थकबाकीचा प्रश्न स्कूटीच्या रांगेत बसवणं आम्हाला मान्य नाही. तिथे पैसा जनतेचा असतो.

खोटं सापडलं तर पुढे काय? इथे साधनं लंगडी पडतात. निवडणूक निर्णय अधिकारी रकाना कोरा असेल तर विचारतो (२०१३ च्या ‘रिसर्जन्स इंडिया’ निकालापासून कोरा रकाना चालत नाही), पण लिहिलेलं खरं आहे का हे तपासणं त्याचं काम नाही. निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवस मिळतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. गुन्हा अदखलपात्र, म्हणून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. शिवाय शिक्षा एक वर्षाच्या आतली असल्याने दखल घेण्याची मुदतही एक वर्षाची. विलंब माफ करणं न्यायालयाच्या हातात आहे, हक्क नव्हे. म्हणून शपथपत्र वाचायचं ते निकालानंतरच्या पहिल्या महिन्यात. मंत्री वादात सापडल्यावर तिसऱ्या वर्षी पीडीएफ उघडणाऱ्याच्या हाती बातमी लागते, कारवाई क्वचितच.

वेळेवर गेलं तरी किती वेळ लागतो याचं उदाहरण नागपूरचंच आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या शपथपत्रात १९९६ आणि १९९८ ची दोन प्रकरणं नमूद नव्हती. न्यायालयाने दखल घेतलेली, पण दोषारोप न ठेवलेली केस सांगावी लागते का, हा मुद्दा होता. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा मार्ग मोकळा केला आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. तक्रारदार बरोबर असो वा आरोपी, दोघांच्याही दृष्टीने इतका काळ लागणं अन्यायाचंच आहे.

मायनेता हे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सचं संकेतस्थळ. या संस्थेच्याच याचिकेतून २ मे २००२ चा निकाल आला आणि उमेदवारांची माहिती मतदाराचा हक्क ठरली. वापरायला हे आयोगाच्या पोर्टलपेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहे. स्कॅनमधला मजकूर टाइप करून मांडलेला असतो, मागच्या निवडणुकीतल्या मालमत्तेशी तुलना एका पानावर मिळते, गंभीर कलमांची वेगळी मोजणी असते. खोट एकच, पण महत्त्वाची. ‘गुन्हे: ७’ हा आकडा ठळक दिसतो आणि त्यात सहा रस्ता रोको व एक मारहाण आहे की सातही फसवणुकीचे आहेत, हे खाली उतरून वाचल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो वरचा आकडा. टाइप करताना पुसट आकडा चुकण्याची शक्यता राहतेच, म्हणून तक्रारीला किंवा बातमीला आधार मूळ पीडीएफचाच घ्यावा.

मंत्रिपदाच्या काळातला व्यवहार शपथपत्रात येत नाही. त्यासाठी आरटीआय. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, प्रत पानाला २ रुपये, पहिलं अपील २० रुपये. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘मंत्र्यांनी गैरवर्तन केलं का’ असं विचारलं की अर्ज वाया गेला. अस्तित्वात असलेला कागद मागा: अमुक बंगल्याचं अमुक ते अमुक तारखेचं पाण्याचं देयक, भरल्याची पावती, निवास रिकामं करण्याची नोटीस, दंड आकारणीचं पत्र, सरकारी वाहनाचं लॉगबुक. बंगल्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, वाटपासाठी सामान्य प्रशासन विभाग, पाण्यासाठी मुंबई महापालिका. आणि बिल भरायची जबाबदारी कुणाची, हेही त्याच अर्जात विचारा. २०१९ मध्ये ‘वर्षा’सह मंत्र्यांच्या बंगल्यांची पाणीपट्टी थकल्याचं आरटीआयमधून बाहेर आलं तेव्हा मथळे मंत्र्यांच्या नावाने झाले, पण देयकं भरणं हे बांधकाम विभागाचं काम होतं. अशा बातमीने खऱ्या थकबाकीदारालाच आडोसा मिळतो.

नोव्हेंबर २०२५ पासून हे साधन बोथट झालं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता येत होती, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण पुरतं. अर्जात कलम ८(२) चा उल्लेख करून, ही माहिती उघड करण्यात कोणतं सार्वजनिक हित आहे ते दोन वाक्यांत लिहा. पहिल्या अपिलात तो मुद्दा नव्याने उभा करण्यापेक्षा अर्जातच असलेला बरा. वाहतूक चलनाच्या पोर्टलचा मात्र इथे उपयोग नाही. गाडीच्या क्रमांकाबरोबर चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात, ते मालकाकडेच असतात.

तिन्ही साधनं वापरूनही एक मोठी पोकळी उरते: पाच वर्षांच्या मधलं वर्तन. राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने, सरकारी कोट्यातली सदनिका खोट्या कागदांवर मिळवल्याच्या प्रकरणात, त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. वरच्या न्यायालयातून स्थगिती मिळाली आणि कृषी खातं राहिलं. जुलैत सभागृहात मोबाइलवर पत्त्यांचा खेळ उघडलेली त्यांची चित्रफीत पसरली, रमी खेळत असल्याचं त्यांनी नाकारलं, आणि ३१ जुलैला कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. सभागृहातलं वर्तन विचारणीयच आहे. शेतकऱ्यांचे प्रश्न ज्याच्याकडे, त्याचं लक्ष कुठे होतं हे विचारायलाच हवं. पण न्यायालयाच्या पहिल्या निकालाने जे हललं नाही ते एका क्लिपने हललं (मंत्रिपद गेलं ते डिसेंबर २०२५ मध्ये, अपिलात शिक्षा कायम राहिल्यावर), कारण लहान चुकीला काय, मोठ्या चुकीला काय, याची ठरलेली पद्धतच आपल्याकडे नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाची मंत्र्यांसाठीची आचारसंहिता आहे. तिच्यानुसार मंत्र्याने दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत मालमत्ता आणि देण्यांचं विवरण द्यायचं असतं, राज्यातल्या मंत्र्याने ते मुख्यमंत्र्यांकडे. ती पाळली जाते का हे बघणारेही मुख्यमंत्रीच. ब्रिटनमध्ये हे काम स्वतंत्र सल्लागाराकडे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी घरखरेदीवर सुमारे ४० हजार पौंड मुद्रांक शुल्क कमी भरल्याचं प्रकरण त्याच्याकडे गेलं, त्याचं पत्र लोकांसमोर आलं आणि त्यांनी राजीनामा दिला. सगळं काही दिवसांत.

आमचे गुण: आयोगाच्या पोर्टलला पाचपैकी तीन, मायनेताला चार, आरटीआय ऑनलाइनला बदललेल्या कलमानंतर अडीच. पोर्टलमध्ये तीन सुधारणा झाल्या तर आम्ही गुण लगेच वाढवू: पीडीएफमधला मजकूर शोधता यावा, पाचव्या रकान्यात सीएनआर क्रमांक सक्तीचा व्हावा, आणि निवडून आलेल्या मंत्र्याचं ३१ ऑगस्टचं विवरण त्याच्या शपथपत्राशेजारी, त्याच पानावर, दरवर्षी चढवलं जावं.