गळ्यात अजगर, शंभर रुपये

साताऱ्याहून कराडकडे जाताना महामार्गालगतच्या एका उपाहारगृहामागे विदेशी प्राणी-पक्ष्यांचे केंद्र सुरू झाले आहे. गेल्या रविवारी नातीला घेऊन मी तेथे गेलो. प्रवेशशुल्क माणशी दीडशे रुपये, आणि साप गळ्यात घालून फोटो काढायचा असल्यास शंभर रुपये वेगळे. जागा स्वच्छ आहे, गाड्या लावायला ऐसपैस मोकळी जागा आहे, एवढे आधी मोकळ्या मनाने नोंदवतो.

याच रस्त्यावर १९८०च्या सुमारास एका ढाब्यामागे कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा होता. त्यात पिसारा झडलेला मोर आणि दोन ससे असत, आणि शेजारच्या खांबाला एक माकड बांधलेले असे. त्याने हाताळून हाताळून साखळीच्या चार कड्या चकचकीत केल्या होत्या, बाकीची साखळी गंजलेली. एस.टी. थांबली की आम्ही पोरे चहा सोडून तिकडे धावत असू. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हाही होताच, पण ढाब्याच्या परसापर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षे लागली. आमच्या भागाला प्राण्यांच्या खेळांचे कौतुकही जुनेच. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. पुढे १९९८च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

नव्या केंद्रात एकही देशी प्राणी दिसत नाही, हा योगायोग नव्हे. आपला साधा हिरवा पोपटही पिंजऱ्यात ठेवणे बेकायदा असल्याने तेथे दक्षिण अमेरिकेतला मकाव, हिरवा इग्वाना आणि आफ्रिकेतला बॉल पायथन आणून ठेवले आहेत. विदेशी प्राणी बराच काळ या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. २०२२च्या दुरुस्तीनंतर मात्र ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे त्या यादीतल्या अशा जातींची नोंदणी बंधनकारक झाली आहे. नोंदणीचा कागद पाहायला मिळेल का, असे विचारले असता ‘फाइल साहेबांच्या घरी असते’ असे उत्तर मिळाले.

इग्वानाच्या काचपेटीत साधी ट्यूबलाइट होती. या सरड्याला हाडांसाठी लागणारे कॅल्शियम शरीरात मुरवायला ऊन किंवा अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. ट्यूबलाइटचा त्याला काहीही उपयोग नाही. मागच्या कुंपणात एक एमू एकटाच येरझाऱ्या घालत होता, बहुधा एमूपालनाच्या ओसरलेल्या लाटेत मागे राहिलेला.

सर्वाधिक गर्दी अजगरापाशी होती. त्याने अंगाचा घट्ट चेंडू करून डोके आत खुपसले होते. ‘आजोबा, झोपलाय का हो तो?’ असे नातीने विचारले, तेव्हा ‘एकदम शांत स्वभावाचा आहे, बाळ, घाबरू नकोस,’ असे सांगत तेथल्या मुलाने वेटोळे उलगडून पुढच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवले. या सापाला बॉल पायथन म्हणतात ते याच सवयीमुळे: भ्याला की तो असा चेंडू होतो. आम्ही उभे होतो तेवढ्या दहा मिनिटांत त्याला सहा वेळा उलगडले गेले.

आम्ही फोटो काढला नाही. पाचपैकी दोन तारे देतो, तेही स्वच्छतेचे. पुढच्या उपाहारगृहातली कांदाभजी मात्र उत्तम असते, आणि तेवढ्यासाठी थांबायचे असेल तर मागचे तिकीट काढावे लागत नाही.