कोर्ट नाक्यावरचं इंग्रजी ड्राफ्टिंग: टायपिंग चोख, 'द सेड' मात्र तपासून घ्या

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ टायपिंग-झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यांतल्याच एकाबद्दल. हाताने लिहिलेला मराठी मसुदा द्यायचा, अर्ध्या-पाऊण तासात इंग्रजी पत्र, नोटीस किंवा भाडेकरार तयार. स्पेलिंग, मार्जिन, तारखा यांत खोट नाही. गडबड होते ती 'द सेड', 'द सेम' अशा मागचा संदर्भ देणाऱ्या शब्दांत, आणि अशा कागदाचा सगळा भार त्याच शब्दांवर असतो.

सोसायटीने कंत्राटदाराला दिलेलं पत्र बघा. पहिल्या परिच्छेदात दोन तक्रारी: गच्चीची गळती आणि फ्लॅट ३०२ मधली तुंबलेली ड्रेनेज लाइन. दुसऱ्याची सुरुवात 'काइंडली रिपेअर द सेम'. आता 'द सेम' म्हणजे नेमकं काय? कंत्राटदार गच्ची उरकून बिल लावतो आणि कागदावर त्याला धरता येत नाही. तिथे 'बोथ द डिफेक्ट्स लिस्टेड इन पॅराग्राफ १' एवढं हवं होतं.

चुकीचं मूळ बहुतेक वेळा मराठी मसुद्यातच असतं. आपण सवयीने 'सदर', 'सदरहू', 'उपरोक्त' लिहितो आणि ऑपरेटर प्रत्येक 'सदर'ला 'द सेड' लावतो. (जुन्या कागदांतलं 'मौजे मजकूर' याच जातीचं, 'मजकूर' या अरबी शब्दाचा मूळ अर्थच 'उल्लेख झालेला'.) म्हणून मसुदा देतानाच 'सदर'च्या जागी नाम लिहा: फ्लॅट, पार्किंग, डिपॉझिट. निम्म्या दुरुस्त्या तिथेच वाचतात.

लीव्ह अँड लायसन्स करारात 'द सेड प्रिमायसेस' चालतं, पण आधी व्याख्या हवी: पत्ता, फ्लॅट नंबर, मग 'हिअरिनाफ्टर रेफर्ड टू अ‍ॅज द सेड प्रिमायसेस'. दुकान ही व्याख्या नीट घालतं. पार्किंग नंतर शेड्यूलमध्ये वाढवलं, तर ते व्याख्येत मात्र जात नाही. ते सांगून घालून घ्या. 'हिअरिनाफ्टर' पुढच्या मजकुरासाठी, 'हिअरिनअबव्ह' मागच्यासाठी. जुन्या फाइलमधून कॉपी करताना यांची अदलाबदल होते.

कलमांचे आकडे हा सगळ्यात मोठा दोष. मध्ये एक कलम घुसवलं की सातवं आठवं होतं, पण खाली 'अ‍ॅज स्टेटेड इन क्लॉज ७' तसंच राहतं, कारण तो आकडा हाताने टाइप केलेला असतो. वर्डमध्ये कलमांना ऑटो नंबरिंग देऊन उल्लेखाच्या जागी क्रॉस-रेफरन्स (म्हणजे त्या कलमाशी जोडलेला आकडा) घालायला सांगा. प्रिंटच्या आधी कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबलं की आकडे जुळतात. दुकानात हे जमतं, पण मागितल्याशिवाय करत नाहीत.

पत्राच्या पहिल्या ओळीत ते सगळीकडे 'विथ रेफरन्स टू' वापरतात. समोरच्याच्या पत्राला उत्तर असेल तर ते बरोबर. आपल्याच आधीच्या पत्रात भर घालायची असेल तर 'इन कंटिन्युएशन ऑफ अवर लेटर' किंवा 'फर्दर टू' हवं. दोन्हीकडे पत्राची तारीख आणि जावक क्रमांक लागतोच. सिडको किंवा महापालिकेत त्यावरूनच मागची फाइल निघते.

एका शब्दावर मात्र अजिबात तडजोड नको. मसुद्यातल्या 'बोलणं झाल्याप्रमाणे'चं इथे सर्रास 'अ‍ॅज अ‍ॅग्रीड' होतं. म्हणजे नुसती चर्चा झालेली गोष्ट आपण मान्य केली असं लेखी दिल्यासारखं होतं. तिथे 'अ‍ॅज डिस्कस्ड ऑन' आणि तारीख, एवढंच.

'फॉर्मर' आणि 'लॅटर' दोनच गोष्टी असतील तर. तीन झाल्या की नावं लिहा. 'रिस्पेक्टिव्हली' असेल तिथे दोन्ही याद्यांचा क्रम बोट ठेवून जुळवा.

साध्या अर्जासाठी, सोसायटीच्या पत्रांसाठी दुकान खुशाल गाठा. कायदेशीर नोटीस असेल तर मसुदा वकिलाकडून आणा, इथे फक्त टाइप करून घ्या. स्क्रीनवर असेपर्यंत दुरुस्ती फुकट, प्रिंट निघाल्यावर पानाचे पैसे पुन्हा लागतात. त्यामुळे आधी कच्ची प्रत मागा आणि प्रत्येक 'द सेम', 'द सेड', 'अबव्ह'खाली पेन्सिलने रेघ ओढून तो कुठल्या नामाकडे बोट दाखवतो ते बघा. नाम सापडलं नाही, तर तिथे ते लिहूनच घ्या.