छपाई चोख, डिझाइन मात्र मराठीला तोकडं

तयार टेम्पलेटमध्ये मजकूर भरा आणि छापील माल घरपोच घ्या, अशा एका ऑनलाइन सेवेचा हा संच: ए५ पत्रक, ए४ कागदाला दोन घड्या घालून केलेलं माहितीपत्रक आणि व्हिजिटिंग कार्ड. छपाईत बोट ठेवायला जागा नाही. दहापट भिंगातून पाहिलं तरी छपाईचे चारही रंग एकावर एक नीट बसलेले दिसतात, अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळी झालर नाही. गडबड आहे ती टेम्पलेटमध्ये.

पत्रक सगळ्यांत उजवं. हातभर लांब धरलं की नजर मथळ्यावर, तिथून फोटोवर आणि मग फोन नंबरवर जाते. मथळा ३६ पॉइंट (अक्षराच्या आकाराचं माप), मजकूर ११, मध्ये कशाचीही लुडबुड नाही. कुठलंही छापील काम आधी असंच, न वाचता पाहावं. भिंग नंतर.

माहितीपत्रकाने मात्र निराशा केली. मजकूर १० पॉइंटचा आणि ओळींमधलं अंतर १२. रोमन लिपीला हे पुरतं, देवनागरीला नाही. वरच्या ओळीतल्या ‘वस्तू’चा ऊकार खालच्या ‘सर्वांची’मधल्या रफारावर टेकला आहे. अंतर १५-१६ केलं की परिच्छेद मोकळा होतो. पण मग मजकूर चौकटीत मावत नाही आणि टेम्पलेट गुपचूप अक्षरच लहान करतं! मागच्या पानावर गडद निळ्यावर ७ पॉइंटची पांढरी अक्षरं आहेत. तिथे शाई किंचित पसरली तरी बारीक शिरोरेषा तुटते आणि ‘ष’, ‘क्ष’ यांच्यातल्या बारीक पांढऱ्या रेषा बुजतात. अशा ठिकाणी ठळक वळणाचा टाइप आणि निदान ९ पॉइंट हवा.

घडीचा हिशेबही चुकलाय. २९७ मिलिमीटरचे ९९-९९-९९ असे सरळ तीन भाग केले आहेत. आत दुमडणारा भाग जरा अरुंद नसेल तर तो घडीला अडतो आणि माहितीपत्रक फुगतं. १००-१००-९७ ठेवलं की सपाट बसतं. शिवाय १७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) कागद क्रीझ, म्हणजे घडीसाठी आधी दाबून पाडलेली खाच, न मारता दुमडल्यामुळे गडद निळा रंग घडीवर तडकून पांढरी रेघ उमटली आहे. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर असता, तर हे बरंच टळलं असतं. हे माहितीपत्रक मागवायचंच असेल तर टेम्पलेट सोडून स्वतःची फाइल चढवा, फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून.

कार्डाचं कटिंग सरळ आहे, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) दिल्याने कडेला पांढरी पट्टी राहिलेली नाही, मॅट लॅमिनेशनही छान. पण मागचा क्यूआर कोड पांढऱ्यावर फिक्या पिवळ्यात! डोळ्याला शोभतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. तो काळा, दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि भोवती कोडातल्या चार लहान चौकोनांइतकी कोरी जागा सोडून हवा.

रंगांबाबत या सेवेचा प्रिव्ह्यू फसवा आहे. तो आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात दिसतो, छपाई सीएमवायकेत, म्हणजे चार शायांत होते, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट उतरतो. आधी छापील प्रूफ (तपासायचा नमुना) मागवण्याची सोय आहे, पण ती ऑर्डरच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत.